होळीसाठी राखलेले गोचीड

करंजाच्या तेलाचा वास आला की मला माझे सासरे आठवतात, आणि अजून डोकं तडकतं. लग्न होऊन महाळुंग्याला आले तेव्हा माहेरचं, आहुप्याचं कुत्रं माझ्या मागोमाग डोंगर उतरून आलं होतं. पौषात त्याच्या कानांत गोचीड भरले. माहेरी आम्ही करंजेल चोळायचो आणि निघेल तो गोचीड तिथंच दगडानं चिरडायचो. मी तेलाची वाटी घेऊन बसले, तर मामंजी ओसरीवरून ओरडले, "ए डोंगरातले, ठिव ते त्याल! गोचीड जित्ता होळीत टाकायचा आसतो, मंग वर्सभर व्हत न्हाई." मग हा शहाणा माणूस फुगलेले गोचीड वेचून तंबाखूच्या डबीत भरू लागला आणि डबी उशाशी ठेवू लागला. होळीपुढं गावादेखत त्यांनी ऐटीत डबी उघडली, तर आत नुसती वाळकी टरफलं. गोचिडांनी कधीच अंडी घातली होती आणि खसखशीएवढी पिल्लं फटीतून मामंजींच्या गोधडीत उतरली होती. ते कराकरा अंग खाजवायचे आणि लोकांना सांगायचे, "उष्णता झालीया जरा." पिल्लं पुन्हा कुत्र्यावर चढली. मी चोरून तेल लावलं तोवर त्याच्यात रक्तच उरलं नव्हतं. चैत्रात ते गेलं. वैशाखात मामंजी गेले. मी ऊर फुटेस्तोवर रडले, आणि सून असावी तर अशी, असं अख्खं गाव म्हणालं. आज माझ्या सुनाही ते कौतुकानं सांगतात. मी नुसती मान हलवते. कुत्र्यासाठी रडायला मला त्या घरात दुसरं निमित्त कुठं मिळणार होतं?