बालवाडीच्या लिंबाचं पाणी

सोमवार, १८ एप्रिल २०१६, औरंगाबाद. आजही नळ आला नाही. टँकर संध्याकाळी येणार म्हणतात. भांड्यांच्या पाण्याची बादली लिंबाला घातली. चार वाजता बालवाडीच्या कमिटीची सभा. इमारत ठेवायची की पाडायची, ते आज ठरेल.

एवढं लिहून अनसूयाबाईंनी वही मिटली. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली ही सवय: समास सोडायचा, खाडाखोड करायची नाही, घडलं तेवढंच लिहायचं. नवरा, केशवराव, गेले त्या दिवशीही त्यांनी तसंच लिहिलं होतं.

बालवाडी गल्लीच्या पलीकडेच. केशवराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर. जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशांवर गोदामं आणि क्वार्टर्स बांधली. मनासारखी बांधली ती ही एकच इमारत. काळ्या दगडाच्या जाड भिंती, ऊन आत उतरू नये म्हणून स्लॅबमध्ये उपडी मडकी घालून केलेलं छत, आणि खिडक्या इतक्या खाली की चार वर्षांच्या पोराला बसल्या जागेवरून रस्ता दिसावा. दगड पुरला नाही म्हणून पश्चिमेची भिंत तेवढी विटेची झाली. तिला सावली हवी म्हणून त्यांनी खडक फोडून खड्डा घेतला आणि त्यात कडुलिंब लावला. मुलांनी हात धुतले, डबे विसळले की ते पाणी दगडी पन्हळीतून थेट लिंबाच्या आळ्यात जायचं.

"खडकातलं झाड म्हणजे कुंडीतलं झाड," ते म्हणायचे. "पोरं हात धुताहेत तोवर याला काळजी नाही."

दोन वर्षांपूर्वी पाऊस गेला. शहर तर चहूकडे वाढत होतं. आजूबाजूच्या अपार्टमेंटांच्या बोअर आटल्या, नळ आठवड्यावर गेला. मुख्य बाई चारुता लहानपणी याच बालवाडीत शिकलेली, मोठी तळमळीची. तिनं हात धुण्याची जागा बंद केली. मुलांना घरून ओले रुमाल आणायला सांगितले, खाऊ कागदी ताटल्यांत द्यायला लावला. वॉर्डात तिचं कौतुक झालं, प्रशस्तिपत्रक मिळालं. पहिल्या रांगेत बसून अनसूयाबाईंनी टाळ्या वाजवल्या. कोरड्या पन्हळीची आठवण त्या दिवशी त्यांनाही झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लिंबाची पानं गळली ती गळलीच. मग अनसूयाबाईंनी घरच्या भांड्यांच्या पाण्याची बादली सुरू केली. भांडी घासणारी आवडाबाई रोज ती गल्लीपलीकडे न्यायची आणि रोज कुरकुरायची.

"बाई, लाकडाला पाणी घालून काय व्हतंय? लई झालं तर सरपण गार ऱ्हाईल."

"तू घाल गं."

"घालते की. पर लोक मला येडी म्हनत्यात, तुम्हाला नाय!"

यंदा मार्चपासून पश्चिमेची खोली भट्टीसारखी तापू लागली. दोन मुलांना भोवळ आली, पालक चिडले, आणि त्यातूनच ही सभा निघाली.

अध्यक्ष काकासाहेब कन्नड तालुक्याकडचे जमीनदार, बालवाडीची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. त्यांचा पुतण्या विश्वजीत आर्किटेक्ट. त्यानं लॅपटॉपवर नव्या इमारतीचं चित्र दाखवलं. समोर सगळी काच, वर सोलर, गच्चीवर हिरवंगार गवत.

"ग्रीन बिल्डिंग हाय, वहिनी," काकासाहेब म्हणाले. "औरंगाबादेत नाव व्हईल आपलं."

"आणि गवताला पाणी कुठलं?"

"रिसायकल करू ना, काकू," विश्वजीत उत्साहानं म्हणाला. "मुलांनी हात धुतलेलं पाणी वाया जाऊ द्यायचंच नाही."

 अनसूयाबाईंनी सगळ्यांना पन्हळीचं सांगितलं. इमारत वाईट नाही, लिंब वाळला म्हणून ती तापते, हे सांगितलं. चारुताचा चेहरा उतरला.

"पण काकू, मी तर पाणी वाचवलं होतं."

"हो गं. मीही टाळ्या वाजवल्या."

"दुसरा लिंब लावू," त्या काकासाहेबांना म्हणाल्या. "तो वाढेपर्यंत भिंतीला मांडव घालू."

काकासाहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "झाड भिंतीएवढं व्हायला धा वर्षं लागतील, वहिनी. आन् त्यालाबी पाणी लागंल. उद्या एखादं लेकरू पडलं तर त्याच्या आईला काय सांगू? धा वर्षं थांब म्हनू?"

 पाडायच्या बाजूनं हात वर झाले. चारुताचा हात सगळ्यांत शेवटी वर झाला, पण झाला. मे महिन्यात पाडकाम धरायचं ठरलं.

"छतातली मडकी जपून काढू, काकू," निघताना विश्वजीत म्हणाला. "एन्ट्रन्सला डेकोरेशन म्हणून छान दिसतील."

परतताना त्या लिंबापाशी थांबल्या. खोडाला हात लावला तर सालीचा तुकडा हातात आला. आळ्यात सकाळच्या पाण्याची ओलसुद्धा उरली नव्हती.

तिन्हीसांजेला आवडाबाईनं मोरीतून हाक मारली, "बाई, भरली बादली. नेऊ का?"

अनसूयाबाईंनी नको म्हणून मान हलवली. आवडाबाई काहीतरी चेष्टेचं बोलणार होती, पण त्यांच्याकडे बघून पुन्हा भांड्यांकडे वळली. अनसूयाबाईंनी वही उघडली आणि सकाळच्या ओळींखाली लिहिलं:

सभेत इमारत पाडण्याचे ठरले. टँकर आला, दोन पिंपे भरली. भांड्यांचे पाणी मोरीत सोडले.