पेटीचा तळ

मोठेबाबा गेल्याचा सुधाकरदादाचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात एका लांबलचक यादीच्या शेवटच्या ओळी तपासत होते. तपासणी शेवटापासून सुरू करायची, ही सवय मोठेबाबांनीच लावलेली... त्या दिवशी पुढचं काही दिसेना. त्याला आता सहा आठवडे झाले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पांढुर्ण्याजवळ तिगावला त्यांचा संत्र्यांचा बगीचा. मी बंगळुरूला, मेंदूच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत प्रोग्रामर आहे. माझं काम नेमकं काय, हे विचारायची तसदी घरात त्यांनीच घेतली. "मेंदू तर तू पाहूनच नाही राहिली, मंग करून काय राहिली?" मी सांगितलं, की मेंदूच्या पेशींमधल्या जनुकांचे ढीगभर आकडे येतात, आजारी माणसांचे आणि निरोगी माणसांचे वेगळे काढून त्यांतला फरक माझा प्रोग्रॅम शोधतो. "म्हणजे माल निवडून राहिली," ते म्हणाले, आणि गावभर तेच सांगत सुटले.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत तिगावला गेले तेव्हा मी हवेत होते. आमच्या आकड्यांत आजाराची स्वच्छ खूण सापडली होती आणि आमच्या गटाचे प्रमुख असलेले सर त्यावरचा लेख छापायला पाठवायच्या तयारीत होते. बगिच्यात पेट्या भरणं चाललं होतं. सगळे चांगला माल वर मांडतात. मोठेबाबा सगळ्यात मोठी फळं तळाशी घालत. सुधाकरदादाला, त्यांच्या मुलाला, हे कधी पटलं नाही. "बाजारात वरचंच पाह्यतात, बाबा," असं तो दर हंगामात म्हणायचा. त्या दिवशी फळं लावता लावता त्यांनी मला विचारलं, "सारं तपासलं ना वो?"

"पहिल्या शंभर ओळी नीट पाहिल्या."

"अन् तळ?"

मी तिथेच लॅपटॉप उघडला. वरच्या ओळी आधीपासूनच क्रमाने होत्या, म्हणून बरोबर. मागून जोडलेल्या ओळी क्रमाने लावताना मी फक्त नावांचा रकाना हलवला होता, शेजारचा आजारी-निरोगीचा तसाच राहिला होता. तळाशी धडधाकट माणसं आजारी झाली होती. आमची ती खूण खोटी होती, आणि चूक माझी होती. नोकरी जाणार, या भीतीने मला रडू फुटलं. कोणाला कळणारही नाही, असं मी बोलूनसुद्धा गेले... मोठेबाबा रागावले नाहीत. "सडकं फळ आपल्याच हातानं काढावं, बेटा," म्हणाले, आणि फोन माझ्यापुढे धरला. मी तिथूनच सरांना चूक सांगितली. ते म्हणाले, "बरं झालं, आत्ता सांगितलंत." लेख वर्षभर लांबला, नोकरी राहिली. आज माझ्या कामावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात, तो त्या दुपारमुळे. हे त्यांना सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात ट्रॅव्हल्सने संत्र्यांची पेटी आली. दरवर्षी मोठेबाबा पाठवत, या वेळी सुधाकरदादाने पाठवली. उघडायला धीर होईना. शेवटी पेटी उलटी केली आणि खालच्या पट्ट्या काढल्या. सगळ्यात मोठी फळं तळाशीच होती.

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "वर ठेवून पाहिली होती वो... मंग पुन्हा सारी काढली."