रविवारच्या झोपेचं प्रायश्चित्त

ऐंशी सालाच्या पुढेमागे मी परभणीला शेतीचं एम.एस्सी. करत होतो. होस्टेलच्या आमच्या मजल्यावर सगळे पहिल्या-दुसऱ्या नंबरचेच भरले होते. दिवसा झोपणं तिथं चोरीपेक्षा वाईट. माझा खोलीतला जोडीदार डुलकीसुद्धा हातात पेन धरून घ्यायचा.

एका रविवारी मेसमध्ये श्रीखंड होतं. जेवून जरा आडवा झालो तो साडेचारला उठलो. जोडीदार लायब्ररीतून येऊन माझ्याकडे बघत उभा होता.

"तब्येत बरी हाय ना?" एवढंच त्यानं विचारलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुरपं उचललं आणि तडक माझ्या ज्वारीच्या प्रयोगावर गेलो. किती वेळा खुरपलं तर किती पीक येतं, हे त्यात बघायचं होतं. काही तुकडे एकदा खुरपायचे, काही दोनदा, आणि तीन तुकड्यांना तुलनेसाठी हातच लावायचा नाही. पण त्या दिवशी मला फक्त गवत दिसत होतं. जिथं जास्त, तिथं आधी बसलो. दिवस मावळेस्तोवर तीन तुकडे लख्ख केले. मन कसं हलकं झालं. मग शेवटच्या तुकड्यात, गवताच्या बुडाशी, एक पाटी सापडली. अक्षर माझंच होतं: 'तण काढू नये'.

सोमवारी आमचे मार्गदर्शक सर बांधावर बराच वेळ उभे राहिले. "या तीन तुकड्यांत तुला हंगामभर काहीच करायचं नव्हतं," ते म्हणाले. "तेवढंही जमलं नाही?"

वर्ष गेलं. पुढच्या खरिपात सगळं पुन्हा पेरायचं. मी खोलीत येऊन रडलो, आणि रडण्यात तासभर वाया गेला म्हणून आणखी वाईट वाटलं.

सोनपेठजवळ आमचं गाव. गवत काढलं म्हणून पोरगं मागं राहिलं, हे तिथं कुणालाच पटेना. वडील म्हणाले, "गवतच राखायचं होतं तर परभणीला कशाला जायचं? तुझ्या चुलत्याचं रान हायच की."

पुढच्या पावसाळ्यात आई एसटीनं भेटायला आली. मी तिला कौतुकानं प्रयोग दाखवायला नेलं. त्या तीन तुकड्यांपाशी ती थांबली, पदर खोचला आणि सरळ खाली बसली. मी धावत जाऊन तिचे हात धरले.

"माय, याला हात लावायचा न्हाई. माझं वरीस जाईल."

"लोकं काय म्हनतील?"

"म्हणू दे. तू बांधावर बस."

"नुसतीच?"

ती बसली. हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. दिवसाढवळ्या रिकामी बसलेली आई मी कधी पाहिली नव्हती, आणि तिला तसं बसवल्याचं मलाच पाप वाटायला लागलं. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "धुवायचे कपडे तरी हायेत का तुझे?"

मळलेला एकही नव्हता. मी खोलीवर गेलो आणि धुतलेले दोन सदरे आणून तिला दिले.