हारोसेतचा माल

ऊन खिडकीच्या खालच्या चौकटीवर उतरलं तेव्हा मिस्त्रीचं ताट जवळजवळ मांडून झालं होतं. एक वाटी तेवढी राहिली होती.

मिस्त्रीनं चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या. बायको जाऊन पाच महिने झाले होते. परदेशातल्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, या वर्षी राहू द्या. एकट्यासाठी कशाला एवढा घाट? तयार डबा मिळतो, तो आणा." मिस्त्री "बघतो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कपाटं रिकामी करायला बसला. ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला घरात खमिराचा कण राहता कामा नये. फरशीच्या फटींतून, फळ्यांच्या कोपऱ्यांतून त्यानं पावाचा चुरा कोरड्या ब्रशनं काढला. गुडघे कुरकुरत होते. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

मिसर देशातल्या गुलामीतून पूर्वज सुटले, त्याची आठवण म्हणून हे ताट. प्रत्येक पदार्थ कशाची तरी खूण. भाजलेलं हाडूक म्हणजे त्या रात्रीचं कोकरू. ते आणायला गेला तेव्हा खाटकानं विचारलं होतं, "एकच? कुत्र्यासाठी का?" मिस्त्री म्हणाला, "ताटासाठी. नीट कापून दे, चिरा नकोत." विस्तवावर धरलेली दोन अंडी फुटली, तिसरं टिकलं. कडू पाला गुलामीच्या कडूपणाचा. त्याच्या शेजारी किसलेला कडू कंद. तो किसताना डोळ्यांना धार लागली होती. हिरवी पानं मिठाच्या पाण्यात बुडवून खायची, कारण ते पाणी म्हणजे आसवं. आणि सहावं हारोसेत, एक गोड चाटण. गुलामांनी विटा रचायला जो चिखल कालवला, त्याची खूण. म्हणजे बांधकामाचा मालच. मिस्त्रीचा स्वतःचा.

आणि नेमकं तेच जमत नव्हतं.

दर वर्षी बायको आतून हाक मारायची, "अहो मिस्त्री, माल बघा." तो यायचा, चमचा उभा धरून रेघ ओढायचा आणि म्हणायचा, "घट्ट आहे." ती काहीतरी घालून ढवळायची. तो पुन्हा रेघ ओढायचा. "आता बरोबर." एवढंच त्याचं काम. त्याआधी भांड्यात काय पडलं, किती पडलं, कधी पडलं, हे त्यानं उभ्या जन्मात विचारलं नव्हतं.

खजूर, अक्रोड, दालचिनी हे वासावरून ठाऊक होतं. तेव्हा त्यानं आपल्या पद्धतीनं केलं. अक्रोड खडीसारखे फोडले, खजूर बारीक चिरले, बेताबेतानं पाणी घातलं, कालवलं आणि मुरायला ठेवलं. तासाभरानं चमचा त्यात ताठ उभा. चव मातीची. त्यानं ते काढून टाकलं आणि पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी पातळ झालं, पाणी वेगळं सुटलं. असला माल कामावर कुणी केला असता तर त्यानं पाटीसकट बाहेर फेकला असता.

कृती ठाऊक असलेलं माणूस एकच. मेहुणी. बायकोची धाकटी बहीण, दोन तासांवरच्या गावात. दोघी बहिणी आईच्या हाताखाली एकाच भांड्यात शिकल्या होत्या. पण मेहुणी बहिणीच्या मातीला पोचली नव्हती, तिसऱ्या दिवशी आली, आणि दारातच मिस्त्री चार माणसांसमोर म्हणाला होता, "आता कशाला आलीस?" ती आल्या पावली परत गेली. तेव्हापासून बोलणं बंद.

दुपारपासून त्यानं दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला होता. सूर्य बुडाला की सण लागतो, मग फोनला हात लावायचा नाही. चौकटीवरचं ऊन आता भिंतीला लागलं. त्यानं नंबर लावला.

"कोण?"

"मी."

ती म्हणाली, "चुकून लागला का, भाऊजी?"

"हारोसेत जमत नाहीये."

"तुम्हाला? चाळीस वर्षं माल कालवला ना!"

"तो वेगळा."

"पाणी घातलंत ना? खरं सांगा."

मिस्त्रीनं पाणी सुटलेल्या भांड्याकडे पाहिलं.

"घातलंतच. अहो, पाणी कशाला? खजूर भिजवायचे, शिजवायचे, गाळायचे. अक्रोड खलात कुटायचे, फार बारीक नाही. आणि सैल करायचं ते द्राक्षारसानं, चमचा चमचा. ताई सांगायची, आमचे हे 'घट्ट' म्हणतात म्हणून मी मुद्दाम एक चमचा कमी घालते. त्यांना काहीतरी सांगायला नको?"

मिस्त्रीला हसू फुटलं आणि तिथेच अडकलं.

"त्या दिवशी मी बोललो ते..."

"मी मुलाकडे लांब होते, गाडी चुकली माझी; पुढची दोन दिवसांनी. दोन्ही दिवस स्टेशनवर रडत होते." तिचा आवाज कोरडा होता. "राहू द्या आता."

"तुझ्याकडे कोण कोण आहे आज?"

"कोण असणार? मुलं आपापल्या ठिकाणी. मी आणि ताट."

मिस्त्रीनं खिडकीकडे पाहिलं. "इकडे ये."

"आता? दोन तासांची बस, आणि दिवस बुडायला तास नाही. सकाळी म्हणाला असतात तर आले असते हो, भाऊजी. पिशवी घेऊन, धावत आले असते."

सकाळी तो फरशीच्या फटी साफ करत होता.

"प्रश्न कोण विचारणार तुमच्याकडे?" तिनं विचारलं. ताटावर बसलेल्यांतल्या सगळ्यात लहानानं विचारायचे ते प्रश्न. मुलगा परदेशी गेल्यावर बायकोच विचारायची. पाच वर्षांनी लहान असल्याचा तोरा मिरवत.

"कुणी नाही."

"मग स्वतःच विचारायचे. नियम आहे तसा. मोठ्यानं हं, मनात नाही. मीही विचारणार आहे. ठेवते, दिवे लावायचेत."

दिवस बुडेपर्यंत जेवढं होईल तेवढं त्यानं केलं. खजूर शिजले, गाळले. अक्रोड कुटले. रस तीन चमचे. रेघ ओढली, कडा हळूच मिटत आली. चव बायकोच्या हातची नव्हती, पण खाता येण्याजोगी होती. वाटी भरून ताटात ठेवली आणि सूर्य गेला.

तो धुतलेला सदरा घालून बसला. समोरची बायकोची खुर्ची त्यानं हलवली नाही. बेखमीर भाकर झाकलेली. त्यानं सणाचं पुस्तक उघडलं.

"आजची रात्र इतर सगळ्या रात्रींहून वेगळी का?" त्यानं विचारलं. खोलीत आवाज फार मोठा वाटला. खाकरून त्यानं चारही प्रश्न विचारले, एकही गाळला नाही.

मग उत्तर. उत्तराची पहिली ओळ होती, "आम्ही मिसरात गुलाम होतो." 'आम्ही'पाशी तो थांबला. खोलीत तो एकटाच होता. पण पुस्तकात तसंच छापलं होतं, आणि दोन तासांवर कुणीतरी आत्ता हीच ओळ वाचत होतं.

"आम्ही," तो म्हणाला, आणि पुढे वाचत राहिला.