आजोळची चोळी

धोंडूबाईला गावात जिवाभावाचं माणूस एकच, ते म्हणजे मी. तेही माझ्या शिलाई मशीनमुळे. बासष्ट साली मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिची डावी छाती काढली. जखम भरल्यावर ती पळसदरीला परतली आणि एका दुपारी शेजारच्या माझ्या ओटीवर आली, मला आत नेलं, दार लावलं आणि पदर बाजूला केला.

"बायजाबाय, अशी चोळी शिव की कुनाला दिसू नाय."

मी चोळीला आतून खिसा शिवला आणि त्यात सावरीचा कापूस भरला. तेव्हापासून तिच्या चोळ्या मीच शिवत आले. घरात तो कापूस कुणी पाहिला नाही, आणि कुणाला पाहायचाही नव्हता. तिचं अंथरूण पडवीत गेलं, ताट-तांब्या वेगळा झाला. मुलगे आईची विचारपूस करायचे ती उंबऱ्याच्या आतून. कपाळाचं कुंकू तिने आधीच पुसलं होतं, आता घरात बोलायचं माणूसही उरलं नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरने तिला विचारलं होतं, आईला, मावशीला असं काही झालं होतं का? धोंडूबाई म्हणाली, दोघीही यातच गेल्या. तेव्हा डॉक्टर सोबत आलेल्या येसाजीकडे वळला. येसाजी म्हणजे तिचा थोरला दीर. नवऱ्यामागे घर त्याच्याच शब्दावर चाले. डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं, "हे रक्तातून येऊ शकतं. यांना मुलगी असेल तर तिला तपासायला आणा. आणि दर वर्षी आणत राहा."

मुलगी होती. जनी. नुकतीच साजगावला दिलेली.

येसाजी माणूस वाईट नव्हता, पण तो विचार करायला लागला की मला धडकी भरायची. त्याने परतीच्या वाटेवरच हिशोब मांडला. जनीचं लग्न झालं, तिचं कूळ बदललं, देव बदलला. या घरचं दुखणं आता तिच्या मागे कशाला जाईल? ते येणार या घरात आलेल्या सुनांवर. शिवाय साजगावला कळलं तर ते पोरीला माहेरी आणून सोडतील. झालं! धोंडूबाईच्या दोन्ही धडधाकट सुनांना त्याने कर्जतच्या डॉक्टरपुढे नेऊन उभं केलं. बिचाऱ्या लाजून अर्ध्या झाल्या.

कर्जतचा डॉक्टर चक्रावला. "अहो, या दुसऱ्यांच्या मुली. यांचा काय संबंध? आजारी बाईंची स्वतःची मुलगी कुठाय?"

"ती दिली," येसाजी म्हणाला.

सुनांना काही नाही म्हणून त्याने कुळदेवापुढे नारळ फोडला आणि खोबरं आमच्याकडेही पाठवलं. मी ते गाईला घातलं.

धोंडूबाईला हे पटलं नव्हतं. जनीला मुलगी झाली तेव्हा बाळंतविडा घेऊन ती एकटीच साजगावला गेली. पण विहीणबाई मायलेकींच्या मध्ये अशी ठाण मांडून बसली की उठायचं नाव घेईना. गोष्ट ओठांवर आली आणि तिथेच राहिली. परत येऊन माझ्या ओटीवर ती एवढंच म्हणाली, "पोर सुखात हाय गं. कसं बोलू?"

पुढे सात-आठ वर्षांनी जनी दिवाळीला माहेरी आली आणि चोळीचं माप द्यायला माझ्याकडे आली. मी फीत लावली तशी ती कळवळली. हाताला दगडासारखी गाठ लागली.

"कवापासनं गं हे?"

"लावनीच्या आदीपासनं. आयेला सांगू नको, बायजाबाय. तिच्या पोटाचं आपरेशन झालंय, तिला घोर नको."

पोटाचं! आईला काय झालं होतं ते लेकीला कुणी कळूच दिलं नव्हतं. मी संतापाने फीत फेकली. त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं, पण फार उशीर झाला होता. होळीच्या आधी जनी गेली. मी येसाजीला भर अंगणात नाही नाही ते बोलले. धोंडूबाई पडवीत बसली होती. ती रडली नाही, कुणाला काही बोललीही नाही, आणि तिची ती गप्प बसण्याची रीत मला येसाजीहून जास्त सोसवेना.

जावयाने दुसरं लग्न केलं. जनीवर कुणीतरी करणी केली, असं साजगावात ठरलं. खोपोलीच्या बाजाराला गेली की धोंडूबाई वाट वाकडी करून त्यांच्या कुंपणाशी जायची आणि नातीला, सुंदराला, पाहायची. आत ये म्हणायला कुणी नव्हतं. लिमलेटच्या गोळ्या पोरीच्या हातावर ठेवायची आणि परतायची. शेंबड्या पोरीला काय सांगणार? धोंडूबाई पोर मोठी व्हायची वाट पाहत होती.

सुंदराचं लग्न ठरलं. खोपोलीच्या कारखान्यातला मुलगा. विधवा आजीला हळदीला कोण बोलावणार? पण आमच्याकडे नवरीची एक चोळी आजोळची असते, आणि तिचं माप घ्यायला पोरीला आजोळी पाठवावंच लागतं. ते नाकारलं तर अपशकुन. धोंडूबाईने निरोप धाडला, आणि आलेल्या नातीला मापासाठी माझ्याकडे घेऊन आली. सोबत सुंदराची आत्या, पहारेकरणीसारखी.

"माप आतल्या खोलीत घ्येतात," मी आत्याला ठणकावलं. "तुमी हितं बसा, चहा घ्या."

दार लावलं. धोंडूबाईने स्वतःची चोळी काढली, कापसाच्या खिशासकट, आणि सुंदराचा हात धरून त्या सपाट, ओढलेल्या कातडीवर ठेवला.

"करनी नाय गं पोरी. माज्या आयेला झालं, मला झालं, तुज्या आयेला झालं. मला डाक्टरानं सांगितलं व्हतं, आनि मी तिला सांगितलं नाय. कूळ बदलून हे जात नाय. दर वर्साला डाक्टरला दाखव. कुनी नको म्हनलं तरी दाखव."

सुंदराने हात काढला नाही. ती म्हणाली, "आजी, तुला दुखतं का गं?"

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. धोंडूबाई तेव्हा रडली, जनीसाठीचं सगळं रडली. आत्या दार वाजवत होती. मी मशीन जोरात चालवलं.

सुंदरा आजीच्या शब्दाला जागली. दर वर्षी दिवाळीनंतर कर्जतच्या डॉक्टरकडे जायची आणि परतताना पळसदरीला उतरायची. सासरी घाई असायची, म्हणून आतही यायची नाही. कुंपणापासूनच ओरडायची, "काय नाय गं, आजी!" धोंडूबाई पडवीतून हात वर करायची आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. नातीशी वर्षातली तिची भेट ती तेवढीच.

गेल्या पावसाळ्यात धोंडूबाई गेली. म्हातारपणाने गेली, त्या दुखण्याने नाही. तिला अंघोळ घालताना सुनांनी तो कापूस पहिल्यांदा पाहिला.

यंदा दिवाळीनंतर मी मशीनवर बसले होते. सुंदरा धोंडूबाईच्या कुंपणाशी आली, सवयीने तोंड उघडलं, आणि रिकाम्या पडवीकडे पाहत तशीच उभी राहिली. मी मशीन थांबवलं. माझे गुडघे आता धड चालत नाहीत, तरी उठून अंगणात गेले.

"सांग गं," मी म्हणाले. "मला सांग."

"काय नाय, बायजाआजी," ती म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडली.