दगड हलतो काय?

पळसदरीच्या ठकूबाईच्या घरातलं पोर कुणाला गाडीवर बसवून न्यायचं असेल, तर त्याला आधी तिचा वरवंटा फिरवून आणावा लागे. चेष्टा नव्हे! पोराला जिथं बसवायचं तिथं ती वरवंटा बांधायला लावी आणि म्हणे, "जा, धरणापर्यंत जाऊन या. हा जागचा सरकला नाय तर पोर मिळंल." नवरा सुटला नाही, दीर सुटला नाही. पुढं पुढं तर टेंपोवाले तिला लांबून बघूनच दोरी नि गोधडी काढून ठेवत. लोक हसायचे. हसेनात का! ज्यानं हा वरवंटा पहिल्यांदा वाहिला, त्याला काही हसू आलं नव्हतं.

तो म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, मोरू. ठकूबाईचं माहेर कडावचं. साठ-बासष्टच्या सुमाराला मोरू सायकलला दोन्हीकडून किटल्या अडकवून कर्जतला दूध घालायचा. परतताना किटल्या रिकाम्या, रस्ता उताराचा, आणि मोरूच्या अंगात वारं शिरलेलं. ठकूबाई माहेरी आली होती तेव्हा तिची आवडी मामाच्या मागं लागली, मला सायकलवर ने. आवडी तेव्हा एवढीशी, धड बोलायलाही नुकतीच लागलेली.

"मागं नको बसवू रं," ठकूबाई म्हणाली, "पाय लोंबतात तिचे."

"आक्का, मी रोज दूध नेतो. थेंब सांडत नाय, तुझी पोर काय सांडतीय?"

गेला टांग मारून. आला तो सायकल ढकलत. पोरीचा पाय चाकाच्या तारांत गेला होता. हाड बसवलं, पाला बांधला, मुंबईच्या दवाखान्यात नेली, पण पाऊल वाकडं झालं ते झालंच.

एवढ्यावर ठकूबाई रडून गप्प बसली असती. माणसाच्या हातून होतं. पण ओटीवर सगळा गाव जमलेला असताना मोरू काय म्हणाला? "पोरगी हलली. मी काय करू?" आणि आवडीनं ते ऐकलं. कळती झाल्यावर ती शाळेत लंगडत जायची, पोरं चिडवायची, आणि घरी येऊन ती आईलाच विचारायची, "मी हलले म्हनून झालं ना गं?" हे ऐकलं की ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वाकड्या पावलाला इलाज नव्हता. त्या चार शब्दांचं उट्टं मात्र ती काढणार होती.

संधी देवानंच दिली. तिला मुलगा झाला, गजा. आता जावळ काढायचं तर मामाच्या मांडीवर, आणि त्यांच्यात रीत अशी की भाच्याला न्यायला मामानंच यावं. मोरू आला, नवा सदरा घालून, तीच सायकल घेऊन.

"पोर कशावर नेनार?" ठकूबाईनं विचारलं.

"ही काय, सायकल."

"बसनार कशावर? पाय कुठं ठेवनार? बांधनार कशानं?"

मोरू हसला. ठकूबाईनं दार लावून घेतलं.

मग गजाचे केस वाढले. खांद्यावर आले, पाठीवर आले. ठकूबाई त्याच्या दोन वेण्या घालायची, लाल फिती बांधायची, आणि कडावात कुणाचं लग्न असलं की मुद्दाम त्याला घेऊन पंगतीत बसायची. बायका विचारायच्या, "अगं, याला मामा नाय का?"

"हाय की! तो काय, वाढतोय बुंदी. पन त्याच्या सायकलला खुर्ची नाय."

मोरू बुंदीचं ताट घेऊन पुढच्या पानाकडं पळायचा. ठकूबाई दोन घास जास्त जेवायची. सासू, गंगाबाई, म्हणायची, "पुरं कर गं, पोराला गजी म्हनतात." खरंच होतं ते, नि ठकूबाईला बोचायचंही. पण सोडलं नाही तिनं.

शेवटी गजा शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा मोरू हरला. भंगारवाल्याकडून वेताची एक छोटी खुर्ची आणली, पुढच्या दांडीवर बसवली, आणि अंगणात येऊन ऐटीत घंटी वाजवली. ठकूबाईनं खुर्ची बघितली. तान्ह्या पोराची खुर्ची ती. गजाची पाठ अर्धी बाहेर राहिली असती. पट्टा कुजलेला.

ती आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घातला होता तोच. त्याला गजाचं तान्हेपणीचं कुंचडं घातलेलं! खुर्चीत ठेवून तिनं मोरूलाच पट्टा आवळायला लावला.

"हा तुझा भाचा. रेल्वेच्या फाटकापर्यंत जा नि ये."

आळी गोळा झाली. मोरू निघाला, वळला, परत येताना वाटेवरच्या दगडावरून चाक उडालं, पट्टा तुटला, आणि वरवंटा कुंचड्यासकट धप्पकन खाली. बायांनी तोंडाला पदर लावले. मोरू घामाघूम. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हलला तो! मी काय करू?"

ठकूबाई इतकी वर्षं याच क्षणाला टपून बसली होती.

"हलला? दगड हलतो काय रं मोऱ्या?"

कुणी हसलं नाही. मोरूनं सायकल उचलली आणि खाली मान घालून निघून गेला.

भाताची कापणी झाल्यावर तो परत आला. खुर्ची नवी, गजाच्या मापाची. पाय ठेवायला फळी, चाकाला दोन्हीकडून जाळी, छातीवरून जाणारा रुंद पट्टा. वरवंटा त्यानं आपणच मागितला, फाटकापर्यंत नेला, आणला, ठकूबाईपुढं ठेवला. वरवंटा तसूभर सरकला नव्हता. तेव्हा कुठं गजा बसला. मोरूनं सायकल कडावपर्यंत हळू चालवली, आणि ठकूबाई आवडीला घेऊन मागून बैलगाडीतून नजर न हलवता बघत राहिली.

अंगणात न्हावी बसला. मामाच्या मांडीवर भाचा. पहिली वेणी कापली नि गजानं हातपाय झाडत टाहो फोडला. न्हावी वैतागला, "अहो, पोर लई हलतंय!"

मोरूनं गजाला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. खाली बघत पुटपुटला, "पोर हाय. हलनारच. धरायचं काम माझं व्हतं."

आवडी मागं, ओटीच्या खांबाला टेकून उभी होती. ठकूबाईनं तिच्याकडं बघितलं, मग भावाकडं.

"मोठ्यानं बोल रं," ती म्हणाली. "आवडीला ऐकू गेलं नाय."