शंभर दसरे घासलेलं पदक

मंडळी, पणजोबा पहिल्या महायुद्धात लढले, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पलटण कोणती, हे कुणालाच ठाऊक नाही. आणि पलटण कळल्याशिवाय गावातल्या सैनिकांच्या शिळेवर त्यांचं नाव लागणार नाही.

आज सकाळी एका निवृत्त सुभेदारांनी सांगितलं की पदकाच्या कडेवर नाव, नंबर, पलटण सगळं कोरलेलं असतं. मी तडक मेहकरला, मोठ्या काकांकडे. त्यांनी देवघरातून पदक काढलं. लखलखीत! कड मात्र गुळगुळीत.

"दर दसऱ्याले चिंच-राखेनं घासून पूजतो. आमच्या बाबापासून रीत हाये. पाह्य, कसं चमकते!"

"काका, पणजोबाचं नावच घासलं न तुमी!"

काका पदकाची कड बोटानं चाचपू लागले. काकू म्हणाल्या, "दुसरं पदक खामगावच्या भाऊजीच्या वाटणीले गेलं. त्याईनं कधी पुसलं बी नसन."

खामगावला धाकट्या काकांना व्हिडिओ कॉल लावला. "थांब बे, खिळ्याच्या डब्यात असन."

काळंकुट्ट पदक निघालं. कडेवर नाव, नंबर, पलटण, सगळं शाबूत.

शिळेवर नाव लागणार. श्रद्धेनं पुसलेलं आळसानं वाचवलं. तुमच्याही घराण्यात असा एखादा आळशी असेलच. त्याचे डबे कधी उघडताय?